व्हर्च्युअल लॅबमधल्या जागांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतले इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक पीसी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. त्यामुळे पीसी बदलण्यापेक्षा दोन-तीन दणकट सर्व्हर घ्यावेत, मुलांना आरक्षणाने व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेले आभासी संगणक, द्यावीत आणि जुन्या पीसीवर लिनक्स टाकून तो नुसता टर्मिनल म्हणून वापरावा, हा विचार पुढे येतो. विचार योग्यच आहे. पण अशा खरेदीच्या कागदांत कोअर किती, रॅम किती, टेराबाइट किती एवढेच लिहिलेले असते. सोमवारी सकाळी ११ वाजता एकाच वेळी किती मुलांना मशीन मिळणार, हा आकडा कुठेच नसतो. सर्व्हर तोच असला तरी रिसोर्स पूल, म्हणजे वाटपासाठी एकत्र बांधलेले मशीनचे गट, कसे बांधले यावर हा आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो. म्हणून हे पत्र.

या कामाची मुक्त स्रोतातली मुरलेली प्रणाली म्हणजे अपाची व्हीसीएल. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत २००४ मध्ये ती सुरू झाली, डिसेंबर २००८ मध्ये अपाची फाउंडेशनच्या इनक्युबेटरमध्ये आली आणि २०१२ मध्ये स्वतंत्र प्रकल्प झाली. पीएचपीतले वेब पान, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीचा डेटाबेस आणि पर्लमध्ये लिहिलेली व्हीसीएलडी सेवा चालवणारा मॅनेजमेंट नोड, असे तिचे तीन भाग आहेत. विद्यार्थी वेब पानावर इमेज (ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर बसवून साठवलेली मशीनची तयार प्रत) आणि वेळ निवडतो, मॅनेजमेंट नोड पूलमधल्या एका मशीनवर ती इमेज चढवतो आणि वेळ संपली की मशीन पुसून परत घेतो. तिच्या नव्या आवृत्त्या आता क्वचित येतात, त्यामुळे हीच घ्या असा आग्रह नाही. पण आरक्षणाच्या कुठल्याही प्रणालीत पूल बांधताना जे प्रश्न येतात ते इथे स्पष्ट दिसतात, म्हणून उदाहरण तिचे घेतले आहे.

आधी सर्व्हरचा हिशेब करू. दोन सॉकेट, प्रत्येक सॉकेटमध्ये १६ कोअर आणि एकूण २५६ जीबी रॅम असलेला सर्व्हर धरा. हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर) आणि डिस्क कॅशसाठी ३२ जीबी बाजूला काढली की २२४ उरते. प्रत्येक व्हीएमला ४ जीबी दिली तर ५६ मशीन होतात. त्यांना प्रत्येकी दोन व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) दिले तर एकूण ११२, म्हणजे एका खऱ्या कोअरवर साडेतीन. सी, पायथन, एसक्यूएलच्या प्रात्यक्षिकाला एवढे चालते, कारण मुले बहुतांश वेळ टाइप करत असतात, प्रोसेसर रिकामाच असतो. सिम्युलेशन किंवा व्हीएलएसआयच्या (चिप आराखड्याच्या) साधनांना एका कोअरवर दोन व्हीसीपीयूच्या वर जाऊ नये. मग त्याच सर्व्हरवर ५६ च्या जागी ३२ मशीन राहतात. अँड्रॉइड स्टुडिओ ४ जीबीत बसवायचा हट्ट तर करूच नये. त्याला किमान ८ जीबी लागते, एम्युलेटर (आभासी फोन) चालवायचा तर त्याहून जास्त आणि वर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनही (व्हीएमच्या आत आणखी व्हीएम चालवण्याची सोय) चालू करावे लागते. ८ जीबीच्या हिशेबाने मशीन उरतात २८. विक्रेता हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामे चालवण्याची सोय) धरून ६४ कोअर म्हणून सांगेल. ते ६४ थ्रेड असतात, हिशेब ३२ वरच करावा.

असे तीन सर्व्हर घेतले तर १६८ जागा झाल्या असे वाटते. वेळापत्रक करणाऱ्यांना आकडा द्यावा ११२. एक सर्व्हर दुरुस्तीला गेला, यूपीएसने दगा दिला किंवा फर्मवेअर अपडेट करायचा झाला तरी प्रात्यक्षिक थांबू नये, यासाठी एक सर्व्हर हिशेबाबाहेर ठेवावा लागतो. खर्चाकडे बघून यावर नेहमी वाद होतो आणि परीक्षेच्या आठवड्यात तो निकाली निघतो.

डिस्कचा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. विंडोजची एक इमेज ६० जीबीची असेल तर १ गिगाबिटच्या जाळ्यावरून तिची एक प्रत व्हायला साधारण नऊ मिनिटे लागतात. ६० मशीनसाठी ६० प्रती करायच्या म्हटल्या तर नऊ तास. म्हणून मूळ इमेज प्रत्येक सर्व्हरवर एकदाच ठेवायची आणि प्रत्येक व्हीएमला फक्त बदलांची पातळ फाइल द्यायची. केव्हीएममध्ये (लिनक्सच्या मोफत हायपरव्हायझरमध्ये) हे क्यूकाऊ२ प्रकारच्या फाइलने होते. प्रत्येक मशीनचा बदल ५ जीबी धरला तर ५६ मशीनचे २८० जीबी, म्हणजे जागा भरपूर उरते. अडचण वेगाची असते. ७२०० फेऱ्यांची एक हार्ड डिस्क सेकंदाला ७५ ते १०० वाचन-लेखने करते. आठ डिस्कचा संच फार तर ८००. ५६ मशीन एकदम चालू होताना प्रत्येकी ५० जरी मागितली तरी २,८०० होतात. मग लॉगिनचा गोल फिरत राहतो आणि दोष नेटवर्कवर जातो. पूल ज्या डिस्कवर आहे ती एसएसडीच हवी. हार्ड डिस्क बॅकअपला ठेवाव्यात.

आता व्हीसीएलमधली प्रत्यक्ष मांडणी. सर्व्हरची नोंद संगणक म्हणूनच करायची, पण त्याची स्थिती 'व्हीएमहोस्टइनयूज' ठेवायची आणि त्याला एक व्हीएम होस्ट प्रोफाइल जोडायचे. मूळ इमेज कुठे, बदलांच्या फाइली कुठे, कुठले नेटवर्क स्विच वापरायचे हे प्रोफाइलमध्ये असते. मग व्हीएमच्या नोंदी. त्या एकेक करत बसू नये. एकगठ्ठा नोंदणीच्या पानावर नावात टक्क्याचे चिन्ह ठेवले की त्या जागी १ ते ५६ असे क्रमांक येतात. आयपी पत्त्यांची सुरुवात-शेवट आणि मशीनची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. प्रत्येक व्हीएमला दोन नेटवर्क कार्ड लागतात: एक खासगी जाळ्यावर, ज्यावरून मॅनेजमेंट नोड त्याच्याशी बोलतो, आणि दुसरे सार्वजनिक, ज्यावरून विद्यार्थी येतो. म्हणजे ५६ मशीनना ११२ मॅक पत्ते (प्रत्येक नेटवर्क कार्डाची स्वतंत्र ओळख). दोन सर्व्हरवर सुरुवातीचा मॅक पत्ता एकच टाकला गेला की दोन व्हीएम एकमेकांचा आयपी ओढत बसतात. हा दोष शोधायला फार त्रास होतो, कारण दोन्ही मशीन एकाच वेळी चालू असतील तेव्हाच तो दिसतो. मॅक पत्त्याचा पहिला बाइट ०२ ठेवला तर तो स्थानिक वापराचा पत्ता ठरतो, बाजारातल्या कार्डाशी भिडत नाही. पुढचे बाइट सर्व्हरनिहाय वेगळे द्यावेत. नोंदी झाल्या की डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) आणि होस्ट फाइल (मशीनची नावे आणि पत्त्यांची यादी) यांचा मजकूर वेब पानावरूनच तयार मिळतो. तो मॅनेजमेंट नोडवर चिकटवायचा आणि व्हर्च्युअल होस्टच्या पानावरून प्रत्येक व्हीएम आपापल्या सर्व्हरला नेमायची.

यानंतरचे काम खरे पूल बांधण्याचे, आणि सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. संगणकांचे गट करायचे: साधी ४ जीबीची मशीन, जड ८ जीबीची, शिक्षकांची वेगळी. इमेजचे गट करायचे. मग कुठला इमेज गट कुठल्या संगणक गटावर चालेल, याची जोडणी करायची. मॅनेजमेंट नोडचा गटही संगणक गटाशी जोडावा लागतो. तो जोडला नाही तर मशीन सांभाळणारे कोणीच नसते. एवढ्यावरही विद्यार्थ्याला मशीन मिळत नाही. परवानग्यांच्या झाडात एकाच फांदीवर तीन गोष्टी जमाव्या लागतात: विद्यार्थ्यांच्या गटाला इमेज घेण्याची परवानगी, इमेज गटाला 'उपलब्ध' अशी खूण आणि संगणक गटालाही तीच खूण. इमेज गटाची खूण राहिली तर विद्यार्थ्याला यादीत इमेज दिसतच नाही. संगणक गटाची राहिली तर इमेज दिसते, वेळ निवडता येते आणि शेवटी 'या वेळी उपलब्ध नाही' असे उत्तर येते. इकडे ५६ मशीन रिकामी पडून असतात.

हेच उत्तर आणखी एका कारणाने येते. इमेजच्या नोंदीत किमान रॅम आणि किमान प्रोसेसर लिहिलेले असतात, व्हीएमच्या नोंदीतही रॅम लिहिलेली असते, आणि वाटप करताना प्रणाली दोन्ही आकडे ताडून बघते. एकाने व्हीएमला ४००० एमबी लिहिले, दुसऱ्याने इमेजला ४०९६ लिहिले, की पूलमधले एकही मशीन पात्र ठरत नाही. लॉगमध्ये लालभडक काही दिसत नाही, कारण प्रणालीच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. आकडे एकदा ठरवावेत, भिंतीवर लावावेत आणि सगळ्या नोंदी त्यावरूनच कराव्यात: २०४८, ४०९६, ८१९२.

परवान्यांसाठी इमेजच्या नोंदीत एकाच वेळच्या कमाल वापराचा रकाना असतो. तो कोणी भरत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरचे नेटवर्क परवाने २५ असतील तर तिथे २५ लिहावेत. नाहीतर सव्विसाव्या विद्यार्थ्याला मशीन मिळते, सॉफ्टवेअर उघडत नाही. विंडोजची सक्रियता (परवाना वैध ठरवणे) हा निराळाच पेच आहे. केएमएस सर्व्हर (संस्थेच्या जाळ्यातच विंडोज सक्रिय करणारा सर्व्हर) डेस्कटॉप विंडोजला सक्रिय करू लागतो तो २५ वेगवेगळी मशीन मोजल्यानंतर. २० मशीनच्या पूलवर तो कधीच चालू होणार नाही. आणि इमेज पकडण्यापूर्वी (मशीनची प्रत साठवण्यापूर्वी) सिसप्रेप, म्हणजे विंडोजची त्या मशीनपुरती ओळख पुसण्याचे काम, केले नसेल तर ६० मशीन असूनही केएमएसला ते एकच मशीन वाटते. एमएके किल्ली (ठरावीक संख्येच्या सक्रियतांची परवाना किल्ली) वापरली तर दर वेळी इमेज चढताना एक सक्रियता खर्च होते आणि काही आठवड्यांत कोटा संपतो. शिवाय व्हीएममधल्या डेस्कटॉप विंडोजला दुरून वापरण्याचा हक्क वेगळा असतो. सर्व्हरबरोबर तो आपोआप येत नाही. विद्यापीठाच्या करारात तो आहे का, हे खरेदीआधीच पाहावे. लिनक्सलाही स्वतःचा सापळा आहे. इमेज पकडण्यापूर्वी मशीन-आयडीची (लिनक्समधल्या मशीनच्या ओळख क्रमांकाची) फाइल रिकामी केली नाही तर उबुंटू सर्व्हरच्या सगळ्या प्रती डीएचसीपीकडे एकाच ओळखीने जातात आणि दोन मशीनना एकच आयपी मिळतो. मॅक पत्ते वेगळे असूनही असे कसे, म्हणून माणूस चक्रावतो.

आता वेळापत्रक. २० मुलांच्या तीन तुकड्या ११ ते १ बसतात आणि बरोबर १ वाजता पुढच्या तीन तुकड्या येतात असे धरा. पहिल्या ६० जणांची मशीन १ वाजता पुसायला जातात. एकटे मशीन आठ-दहा मिनिटांत तयार होत असले तरी ६० एकदम चढू लागली की अर्धा तास सहज जातो. म्हणून पुढच्यांसाठी वेगळी ६० मशीन आधीच तयार ठेवावी लागतात. ६० आणि ६० मिळून १२०. आपला आकडा आहे ११२. इथे खरेदी समिती चौथा सर्व्हर सुचवते, पण त्याची गरज नाही. तुकड्यांच्या वेळा ११, साडेअकरा आणि १२ अशा सरकवल्या की कुठल्याही क्षणी २० मशीनच बदलत असतात, गरज ८० वर येते आणि संध्याकाळी स्वतः सराव करणाऱ्या मुलांना ३२ जागा मोकळ्या राहतात. चौथ्या सर्व्हरच्या खर्चाचा प्रश्न वेळापत्रकाच्या कागदावर सुटतो. पण वेळापत्रक करणारे प्राध्यापक आणि सर्व्हर सांभाळणारे कर्मचारी एका टेबलावर बसतात कधी?

तुकड्यांसाठी ब्लॉक अॅलोकेशन (एका वर्गाच्या सगळ्या जागांचे एकत्र आरक्षण) वापरावे. दर मंगळवारी ११ ला अमुक इमेज, २० जागा, अमुक वर्ग, असे सत्राच्या सुरुवातीला एकदाच नोंदवले की मशीन वेळेआधी भरून ठेवली जातात. मुलांना एकेकटे आरक्षण करायला लावले तर वीसही जण ११ वाजून २ मिनिटांनी बटण दाबतात. जागा २० ऐवजी २२ ठेवाव्यात, एखादे मशीन ऐन वेळी चढत नाहीच. मशीन तयार झाल्यावर विद्यार्थ्याने साधारण १५ मिनिटांत कनेक्ट दाबले नाही, किंवा दाबून १५ मिनिटांत लॉगिन केले नाही, तर आरक्षण रद्द होते. या वेळा व्यवस्थापनाच्या पानावर बदलता येतात. त्या वाढवण्याचा मोह होतो, पण न येणाऱ्यांनी अडवलेली मशीन सुटण्याचा तेवढाच मार्ग आहे.

घरून किंवा वसतिगृहातून येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: आरक्षण मिळाले, मशीन तयार दाखवते, पण जोडले जात नाही. कनेक्ट दाबताना वेब पानाला विद्यार्थ्याचा जो आयपी दिसतो, तेवढ्याच आयपीला मशीनची फायरवॉल उघडते. वेब ब्राउझर कॉलेजच्या प्रॉक्सीमधून (इंटरनेटसाठीच्या मध्यस्थ सर्व्हरमधून) जातो आणि रिमोट डेस्कटॉप थेट जातो, म्हणजे दोन आयपी वेगळे. मोबाइल हॉटस्पॉटवर तर मधूनच आयपी बदलतो. उपाय सोपा आहे: आरक्षणाचे संकेतस्थळ प्रॉक्सीतून वगळावे आणि बाहेरच्यांनी व्हीपीएनमधून यावे. फायरवॉल सगळ्यांना खुली करणे हा उपाय नाही. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे दिसले की काही तासांत पासवर्ड शोधणारे बॉट येऊन धडकतात.

ज्यांच्याकडे व्हीएमवेअर कंपनीच्या हायपरव्हायझरचे जुने कायमस्वरूपी परवाने आहेत त्यांच्यासाठी थोडे वेगळे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी विकत घेतल्यावर डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, म्हणून नव्या खरेदीला केव्हीएमच परवडते. पण असलेले परवाने चालू ठेवायचे असतील तर व्हीएम होस्ट प्रोफाइलमधल्या रिसोर्स पाथ रकान्यात डेटासेंटर, क्लस्टर आणि रिसोर्स पूल यांचा मार्ग लिहावा लागतो, आणि इथे व्हीस्फिअरच्या (व्हीएमवेअरच्या प्रणालीच्या) पूलचे गणित समजून घ्यावे लागते. पूलला दिलेले शेअर (प्राधान्याचे गुण) आतल्या मशीनमध्ये वाटले जातात. प्रोसेसरचे 'हाय' म्हणजे ८,०००, 'नॉर्मल' म्हणजे ४,०००. विद्यार्थ्यांच्या पूलला हाय दिले आणि त्यात ४० मशीन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २००. शिक्षकांच्या पूलला नॉर्मल, मशीन चारच, तर प्रत्येकी १,०००. ज्यांना प्राधान्य म्हणून दिले त्यांनाच ओढाताणीच्या वेळी पाचवा हिस्सा मिळतो. व्हीएम मांडून ठेवायला फोल्डर म्हणून रिसोर्स पूल करणारे नेहमी यात अडकतात. फोल्डर हवा तर फोल्डरच करावा. पूल करायचाच असेल तर दर वेळी मशीनची संख्या बदलली की शेअरचा आकडा हाताने बदलावा.

रॅम आरक्षित न करता व्हीएम चालू केली की तिच्या रॅमएवढी स्वॅप फाइल (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा) डेटास्टोअरवर, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवण्याच्या डिस्कवर, बनते. ४ जीबीची ६० मशीन म्हणजे २४० जीबी नुसती स्वॅपला. उलट सगळी रॅम आरक्षित करून ठेवली आणि पूलला वरच्या पातळीवरून उसने घेण्याची मुभा ठेवली नाही, तर पूल भरल्यावर पुढचे मशीन चालूच होत नाही. आमच्या मते विद्यार्थ्यांच्या पूलला निम्म्या रॅमचे आरक्षण ठेवून ही मुभा चालू ठेवावी, आणि मर्यादेच्या रकान्याला हात लावू नये. तिथे कोणी एकदा आकडा टाकला की दोन वर्षांनी वाढवलेली रॅम का वापरली जात नाही, याचे उत्तर कोणालाच सापडत नाही.

रोजच्या देखभालीत एवढे पाहिले तरी पुरे: ज्या मशीनवर इमेज चढताना अडखळते त्याची स्थिती 'फेल्ड' होते आणि माणसाने हात लावेपर्यंत ते पूलबाहेर राहते. कोणी बघितले नाही तर सत्राअखेरीस ११२ चे ९० झालेले असतात. दर सोमवारी सकाळी ही यादी काढावी, व्हीसीएलडीच्या लॉगमध्ये त्या मशीनचे नाव शोधून कारण बघावे, मगच ते पुन्हा 'उपलब्ध' करावे. तेच मशीन पुन्हा पुन्हा पडत असेल तर बहुधा डीएचसीपीची नोंद किंवा मॅक पत्ता चुकलेला असतो. सगळी मशीन एकदम पडली तर आधी डिस्क भरली आहे का ते बघावे.

निविदेत म्हणून आमच्या मते एक अट असावी. विक्रेत्याने एक सर्व्हर बंद ठेवून, ठरलेल्या तीन इमेजवर ६० जागांचे ब्लॉक अॅलोकेशन लावावे. ११ वाजता ६० विद्यार्थी प्रत्यक्ष बसवून ११ वाजून १० मिनिटांपर्यंत सगळे लॉगिन झालेले दाखवावेत. त्यानंतर लगेच २० मशीन रिकामी करून ती पुन्हा किती मिनिटांत तयार होतात तो वेळ लिहून द्यावा. चाचणी सत्र चालू असताना, कामाच्या दिवशी घ्यावी आणि शेवटचा २० टक्के हप्ता तिच्यानंतरच द्यावा.

आपले,
महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळांचे काम पाहणारे काही तंत्रसहाय्यक, पुणे